बोटीसाठी बॅटरी निवडताना नागपूरच्या उन्हाचा हिशेब

रामटेकजवळच्या खिंडसीवर, नवेगाव खैरीच्या जलाशयावर किंवा भंडाऱ्याकडे गोसेखुर्दच्या फुगवट्यात लहान बोट चालवणाऱ्याला बॅटरीविषयी जे सल्ले मिळतात, ते बहुतेक समुद्रकाठचे असतात. खाऱ्या पाण्याने टर्मिनल खाल्ले जातात, तांब्याची तार काळी पडते, म्हणून कल्हई केलेली तार वापरावी, असे त्यांत सांगितलेले असते. ते खरेही आहे. मात्र आपल्याकडचे पाणी गोडे आहे आणि आपल्या बॅटऱ्या मिठाने मरत नाहीत. त्या उन्हाने मरतात आणि पडून राहिल्याने मरतात. पाण्यावर घालवलेल्या तासांपेक्षा काठावर घालवलेले महिनेच त्यांचे आयुष्य ठरवतात, म्हणून नागपुरात बोटीसाठी बॅटरी निवडताना पहिला प्रश्न ‘किती अँपिअर-तासांची, म्हणजे किती क्षमतेची?’ हा नसून ‘ती बोटीवरून उतरल्यावर कुठे राहणार?’ हा असला पाहिजे.

शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तिच्या कारखान्यात २५ अंश सेल्सिअस गृहीत धरून सांगितलेले असते. त्यापुढे दर १० अंशांमागे ते साधारण निम्मे होते, कारण प्लेटा गंजण्याची आणि पाणी उडून जाण्याची रासायनिक क्रिया तितकीच वेगाने होऊ लागते. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, आणि नवतपात ४५ अंश हा आकडा कोणाला नवा वाटत नाही. हे तापमान सावलीतले असते. काठावर उलटी घातलेली किंवा ताडपत्रीखाली झाकलेली बोट आणि तिच्यातली काळ्या प्लास्टिकची बंद पेटी त्याहून कितीतरी तापते. जी बॅटरी पाच वर्षे चालावी, ती दोन-अडीच वर्षांत ‘बसली’ तर त्यात नशिबाचा भाग थोडा आणि जागेचा भाग मोठा असतो.

दुसरा शत्रू पावसाळा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बहुतेक लहान बोटी बाहेर काढलेल्या असतात आणि बॅटरीकडे कोणी पाहत नाही. पाणी भरायची साधी बॅटरी महिन्याला सुमारे ४ ते ५ टक्के भार आपोआप गमावते, उष्णतेत त्याहून अधिक. अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात, आणि मग चार्जिंगला लावूनही ते विरघळत नाहीत. ऑक्टोबरात ‘चार्ज घेते, पण टिकत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ जुलैत असते.

हे मी थोडे पैसे घालवून शिकलो. पहिल्या बोटीत मी घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची उंच ट्यूब्युलर बॅटरी बसवली होती. दुकानदाराचे म्हणणे होते, ‘भाऊ, घरात चालते तर बोटीत काहून नाही चालणार?’ प्रश्न रास्त वाटला. पण ती पन्नास किलोंहून जड असल्याने ती उतरवून घरी आणण्याचा कंटाळा येई, म्हणून ती बोटीतच राही; शेजारून दुसरी मोटरबोट गेली की लाटेवर ती हिंदकळे आणि झाकणांतून अ‍ॅसिडचे शिंतोडे लाकडी फळीवर उडत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिचे दोन सेल गेले. बॅटरीत दोष नव्हता. घराच्या कोपऱ्यात स्थिर उभी राहून दिवसाकाठी एखाद-दोन तास पंखे चालवण्यासाठी ती बनवलेली होती.

काम कोणते, ते आधी ठरवावे

बोटीतल्या बॅटरीकडून दोन अगदी वेगळी कामे घेतली जातात. पेट्रोलवरचे आउटबोर्ड इंजिन सेल्फ-स्टार्टने सुरू करायचे असेल तर काही सेकंदांपुरता मोठा प्रवाह लागतो. त्यासाठी बॅटरीत पुष्कळ पातळ प्लेटा असतात, म्हणजे अ‍ॅसिडला भिडणारा पृष्ठभाग जास्त मिळतो. याउलट विजेवर चालणारी ट्रोलिंग मोटर, दिवे, मासे शोधणारे यंत्र आणि तळातले पाणी उपसणारा पंप यांना तासन्‌तास थोडा-थोडा प्रवाह हवा असतो. त्यासाठी जाड प्लेटांची डीप-सायकल, म्हणजे वारंवार खोल उतरवता येणारी बॅटरी लागते. कारची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी ट्रोलिंग मोटरला जोडली तर ती पहिले काही दिवस उत्तम चालते आणि वारंवार खोल उतरवल्याने एका हंगामातच पातळ प्लेटांवरचा लेप झडून जातो. स्वस्तात झालेली ही खरेदी सर्वांत महाग पडते.

केवळ इंजिन सुरू करण्यासाठी बॅटरी घेणाऱ्याने तिच्यावरच्या ‘सीसीए’ या आकड्याने फार भारून जाऊ नये. हा आकडा उणे १८ अंश तापमानात बॅटरी किती प्रवाह देते ते सांगतो, आणि बोटीच्या बॅटऱ्यांवर दिसणारा ‘एमसीए’ तेच ० अंशाला मोजतो. नागपूरच्या कडाक्याच्या थंडीतही आपण या दोन्हींपर्यंत उतरत नाही. इंजिनच्या पुस्तिकेत दिलेला किमान आकडा पूर्ण झाला की पुरे. त्यापुढे जादा पैसे देण्यापेक्षा ‘राखीव क्षमता’ पाहावी, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी २५ अँपिअरचा प्रवाह १०.५ व्होल्टपर्यंत उतरेतो किती मिनिटे देते ते.

महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या बचावकार्याच्या बोटींना तर ही बाब अधिकच लागू होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा लोकांना घरांतून काढायला रस्त्यांवरून बोटी फिरवाव्या लागल्या. वर्षातून एकदा आणि तीही मध्यरात्री लागणाऱ्या बोटीची बॅटरी किती मोठी आहे याला फारसा अर्थ नाही. ती देखभाल-चार्जरवर, म्हणजे बॅटरी सतत भरलेली राखणाऱ्या चार्जरवर, कायम लावलेली आहे की नाही, याला आहे.

अँपिअर-तासांचे गणित

एक उदाहरण घेऊ. दोघांची मासेमारीची बोट आहे आणि तिला ५५ पौंड ओढीची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर आहे. पूर्ण वेगात अशी मोटर सुमारे ५० अँपिअर घेते, पण बहुतेक वेळ आपण मध्यम वेगात असतो. सरासरी ३० अँपिअर धरू आणि दिवसातून ती एकूण दोन तास चालते असे मानू. हे ६० अँपिअर-तास झाले. दिवे, मासे शोधणारे यंत्र आणि पंप मिळून आणखी १० धरले की दिवसाची गरज ७० होते.

शिशाची बॅटरी दीर्घकाळ टिकवायची असेल तर ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ७० साठी १४० अँपिअर-तास हवेत. इथवरचे गणित सगळेच करतात. पण बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा २० तासांच्या दराचा असतो. १४० ची बॅटरी २० तास ७ अँपिअर देते, एवढाच त्याचा अर्थ. त्याच बॅटरीतून ३० अँपिअर ओढले तर ती १४० देत नाही, जेमतेम शंभरीच्या आसपास थांबते. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडलेला हा नियम नावाने ठाऊक नसला, तरी तळ्याच्या मध्यावर तो प्रत्येकाला कळतो. म्हणून शिशाच्या बॅटरीत या बोटीला १८० ते २०० अँपिअर-तास घ्यावेत. त्यातही दर नीट वाचावा: ‘सी-२०’ आणि ‘सी-१०’ अशा दोन बॅटऱ्यांवर १५० हाच आकडा असला तर १० तासांच्या दराने १५० देणारी बॅटरी प्रत्यक्षात मोठी असते.

लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात ८० टक्के भार वापरता येतो आणि जास्त प्रवाह ओढल्याने क्षमता फारशी घटत नाही, त्यामुळे हेच काम १०० अँपिअर-तासांत होते. वजनाचा फरक मात्र डोळ्यांत भरण्यासारखा आहे: शिशाच्या दोनशेसाठी ५५ ते ६० किलो, तर लिथियमच्या शंभरासाठी १० ते १३ किलो.

प्रकार आणि ते कोणी घ्यावेत

पाणी भरायची साधी डीप-सायकल बॅटरी सर्वांत स्वस्त असते आणि तिच्यातल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, हायड्रोमीटरने मोजता येत असल्याने प्रत्येक सेलची प्रकृती वेगळी कळते. पण ती सरळ उभीच ठेवावी लागते, उन्हाळ्यात दर पंधरवड्याला तिचे पाणी पाहावे लागते आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या याच जातीच्या आहेत. रोज रिकाम्या होण्यासाठीच त्या बनवलेल्या असल्याने इन्व्हर्टरच्या बॅटरीपेक्षा बोटीला त्या बऱ्या, आणि दुरुस्ती करणारा कारागीर नागपुरात कोणत्याही चौकात सापडतो. तरी अ‍ॅसिड सांडण्याचा प्रश्न तसाच राहतो. रुंद, स्थिर बोटीत आणि रोज लक्ष देणाऱ्या माणसाकडे त्या चालतील, अरुंद डोंग्यात नाहीत.

एजीएम प्रकारात अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले असते. ती कलंडली तरी सांडत नाही, हिसके सोसते, आपोआप उतरण्याचा वेगही कमी असतो. जेल प्रकारही बंद असतो, पण त्याला चार्जिंगचा व्होल्टेज थोडा जरी जास्त झाला तरी जेलमध्ये कायमचे बुडबुडे अडकतात. आपल्याकडच्या साध्या चार्जरांचा भरवसा पाहता तो मी सुचवणार नाही.

लिथियम घ्यायचेच तर आयर्न फॉस्फेटच घ्यावे. अनेक वाहनांत वापरल्या जाणाऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारापेक्षा त्याचे सेल बरेच अधिक तापल्यावरच पेट घेण्याच्या अवस्थेला जातात, आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या बोटीत हा फरक किरकोळ नाही. तरीही ऊन त्यालाही सोसत नाही. अनेक उत्पादक चार्जिंगसाठी ४५ ते ५५ अंशांची वरची मर्यादा घालतात, आणि दुपारभर तापलेल्या बोटीतून उतरताच चार्जिंगला लावलेली बॅटरी चार्ज घ्यायला नकार देते, तेव्हा ती बिघडलेली नसून स्वतःला वाचवत असते. तिला तासभर सावलीत निववावे.

आता प्रश्न येतो की जादा पैसे कोणाला परवडतात. खोक्यावर ‘५०० सायकल’, ‘३००० सायकल’ असे आकडे असतात (एक सायकल म्हणजे एकदा भरून उतरवणे) आणि ग्राहक तेवढ्यावरच तुलना करतो. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम धरला आणि कोणी दर रविवारी बोट काढली, तर वर्षाला ३५ सायकल होतात. या दराने पाचशे सायकल संपायला चौदा वर्षे लागतील, आणि तोवर एजीएम बॅटरी केव्हाच उन्हाने गेलेली असेल. म्हणजे रविवारच्या हौशी माणसाला सायकलचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याने एजीएम घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत चांगला चार्जर घ्यावा. लिथियम घेतलीच तर ती वजनासाठी घ्यावी, कारण बारा किलोंची बॅटरी दर वेळी घरी आणली जाते आणि साठ किलोंची आणली जात नाही. पर्यटकांना रोज फिरवणाऱ्या बोटवाल्याचे गणित उलटे आहे: वर्षाला २४० सायकल करणाऱ्याची पाचशेची बॅटरी दोन वर्षांत संपते, आणि त्याला लिथियम आज महाग वाटली तरी तीच स्वस्त पडते.

दुकानात काय पाहावे

सर्वांत आधी उत्पादनाची तारीख पाहावी. ती बॅटरीवर कोरलेल्या किंवा छापलेल्या सांकेतिक अंकांत असते आणि दुकानदाराकडून तिचा अर्थ विचारून घ्यावा. शिशाची बॅटरी तीन महिन्यांहून अधिक काळ चार्जिंगशिवाय गोदामात पडली असेल, तर ती नवी नव्हे, केवळ न वापरलेली आहे. आणि गोदाम उन्हाळ्यातले असेल तर हा काळ आणखी कमी धरावा. मग मल्टिमीटर लावावा. विश्रांतीतल्या पूर्ण भरलेल्या साध्या बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट आणि एजीएमला १२.८ च्या आसपास मिळाले पाहिजेत. १२.४ दाखवणारी बॅटरी ‘आत्ता चार्ज करून देतो’ या आश्वासनावर घेऊ नये. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३.२ च्या आसपास सपाट राहतो, त्यामुळे तिथे मल्टिमीटरवरून भार कळत नाही.

स्थानिक पातळीवर जोडून दिलेल्या लिथियम पॅकविषयी विशेष सावध असावे. आत वाहनांतून काढलेले जुने सेल नाहीत ना हे लेखी घ्यावे, आणि आतल्या संरक्षक सर्किटची, म्हणजे बीएमएसची, सतत प्रवाह देण्याची मर्यादा विचारावी. ५० अँपिअर घेणाऱ्या मोटरला १०० अँपिअरचा बीएमएस असावा. तो काठोकाठ असेल तर वारा समोरून येताच तो बॅटरी तोडतो आणि बोट जागेवर थांबते. बोटीत वल्हे असावे, हे मी इथेच सांगून ठेवतो. तसेच पॅक वजनकाट्यावर ठेवावा: १०० अँपिअर-तासांचा म्हणवणारा पॅक सहा-सात किलोंचाच भरला तर त्यात शंभर नाहीत.

वॉरंटीत विनामूल्य बदलून देण्याचा काळ वेगळा आणि पुढे घटत्या सवलतीचा काळ वेगळा असतो. मोठ्या अक्षरांत दोहोंची बेरीज छापलेली असते, निर्णय मात्र पहिल्यावर करावा. कार्डावर वापराचा प्रकारही नमूद असतो, म्हणून पावतीवर ‘बोटीसाठी’ असे लिहून घ्यावे.

घरी आणल्यावर एक सोपी कसोटी घेता येते. गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा दिवा सुमारे ५ अँपिअर घेतो, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीला तो अगदी २० तासांच्या दराचा भार आहे. पूर्ण चार्ज करून असा दिवा दहा तास लावावा, नंतर बॅटरीला काही तास विश्रांती द्यावी आणि व्होल्टेज मोजावा. तो १२.१ ते १२.२ च्या आसपास असेल तर बॅटरी छापल्याप्रमाणे आहे. १२ च्या खाली असेल तर वॉरंटी कार्ड काढावे. ही कसोटी नवी असतानाच घ्यावी आणि लगेच पुन्हा पूर्ण चार्ज करावे.

बसवणे आणि चार्जिंग

बॅटरी बोटीत सरकता कामा नये. अमेरिकेतील एबीवायसी (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) या संस्थेच्या बोट-मानकानुसार ९० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४१ किलोंच्या ओढीने मिनिटभर ताणली तरी ती एक इंचाहून जास्त हलू नये, आणि मुख्य फ्यूज टर्मिनलपासून सात इंचांच्या आत असावा. खिंडसीवर तपासायला कोणी येत नाही, पण लाट तपासते. साध्या बॅटरीची पेटी वरून हवेशीर असावी, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन साठला की ठिणगी पुरते. पेट्रोलची टाकी तिच्याजवळ ठेवू नये.

तारेत लोक हमखास कंजुषी करतात. बॅटरी पुढे आणि मोटर मागे असेल, दोन्हींत तीन मीटर अंतर असेल आणि ५० अँपिअर वाहत असतील, तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जवळजवळ एक व्होल्ट वाया जातो. १६ च्या तारेत तो एक-तृतीयांशावर येतो. मोटर मंद चालते म्हणून बॅटरी बदलणाऱ्यांनी आधी तार पाहावी.

चार्जर निवडताना त्यात बॅटरीच्या प्रकाराचे बटण आणि तापमानाचा संवेदक हवा. शिशाच्या बॅटरीला २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असले, तर ४५ अंशांना ते साधारण अर्ध्या व्होल्टने कमी द्यावे लागतात. न दिल्यास बॅटरी उकळते आणि मेमध्ये दर आठवड्याला पाणी मागते. ते पाणी डिस्टिल्डच असावे. बोअरवेलचे तर नाहीच, घरच्या आरओचेही चालत नाही, कारण त्यात क्षार शिल्लक असतात. लिथियमला शिशाच्या चार्जरमधले ‘इक्वलाइझ’, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेज देणे, कधीही लावू नये, आणि इंजिनच्या अल्टरनेटरवर, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्रावर, ती थेट जोडू नये: ती मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते, अल्टरनेटर तापतो, आणि बीएमएसने मध्येच जोडणी तोडली तर व्होल्टेजच्या उसळीने त्याचे डायोड जातात. मध्ये प्रवाहावर मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा. शिसे आणि लिथियम, किंवा जुनी आणि नवी बॅटरी, समांतर जोडू नये. दोन हव्या असतील तर एकाच दिवशी, एकाच बनावटीच्या घ्याव्यात.

पावसाळ्यापूर्वी

बोट जूनमध्ये काढली की बॅटरीही काढावी, टर्मिनल पुसून त्यांना व्हॅसलीन लावावे आणि ती घरात सर्वांत थंड खोलीत ठेवावी. गच्चीवरची खोली किंवा पत्र्याची शेड त्यासाठी चालणार नाही. कुलरची हवा जिथे पोहोचते ती खोली उत्तम, फक्त साधी बॅटरी चार्ज करताना खिडकी उघडी असावी. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि दर महिन्याला एकदा चार्ज करावी. देखभाल-चार्जर असेल तर तो लावूनच ठेवावा. लिथियम मात्र निम्मी भरलेली ठेवावी, कारण पूर्ण भार आणि उष्णता एकत्र आली की तिचे आयुष्य वेगाने घटते, आणि तिच्या सर्व तारा सोडवाव्यात, नाहीतर एखादे लहान यंत्र चार महिन्यांत तिला शून्यावर आणते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. त्यातले अ‍ॅसिड नालीत ओतले जाण्याची शक्यता असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीची किंमत वजा करून देतो. ती वजावट किती मिळेल हे नवीचा भाव ठरवण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.